गादीवाल्याचं नाक

उंब्रजपासून कराडपर्यंत कुणालाही विचारा, मी गादीवाल्यावर का जळतो. लोक सांगतील, त्याच्या आवाजामुळं. साफ खोटं. आवाज मलाही आहे. कृष्णेच्या एका काठावरनं मी "चितपट!" म्हणालो, तर पलीकडच्या काठावरचा माणूस स्वतःच्या पाठीला माती लागली का ते चाचपून बघतो. मी जळतो ते त्याच्या नाकावर.

नाकावर कुणी जळतं का? माझ्यासारखं नाक ज्याच्या वाट्याला आलंय, तो जळतो.

आधी माझा धंदा सांगतो. ऊस आहे, तो घरचे बघतात. माझं खरं काम कुस्तीच्या मैदानात माइक धरायचं. तरुणपणी लंगोट लावला, गुडघा गेला, मग आखाड्यातनं उठून आखाड्याच्या कडेला बसलो आणि बोलायला लागलो. आमच्या सातारा-सांगलीकडं गावच्या यात्रेला कुस्त्यांचं मैदान भरतं. हलगी कडाडते, पैलवान सलामी देतात, आणि एवढ्या गर्दीला कोण कुठल्या तालमीचा, कुणी पट काढला, कुणी घिस्सा मारला, हे सांगणारा एक गळा लागतो. तो गळा म्हणजे मी. होतो. आहे. त्यावरनंच तर सगळं घडलं.

आखाड्याची तांबडी माती तुम्हाला माहीत असेल. तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती अशी मऊ करतात की पोळीबरोबर खावी. पैलवानाला ती आईसारखी. मलाही होती. पण गेल्या काही वर्षांत तिनं माझ्याशी वैर धरलं. जोड भिडली, माती उडाली, की माझं नाक सुरू. आणि शिंक म्हणाल तर साधी नव्हे. एका गावात माझ्या शिंकेनं कर्ण्यावरचे कावळे उडाले, ते अजून त्या गावात उतरलेले नाहीत. दुसऱ्या एका गावात शिंक माइकमधनं अशी गेली की हलगीवाल्याला वाटलं निकाल लागला. त्यानं हलगी थांबवली, पंचांनी गडबडीत चुकीचाच हात वर केला, आणि खाली दबलेला पैलवान उठून बक्षीस घेऊन गेला. खोटं वाटत असेल तर त्या पैलवानाला विचारा. अजून भेटला की पायाला हात लावतो.

आता हा गादीवाला. उंब्रजच्या पेठेत त्याचं गाद्या-रजया भरायचं दुकान. आजा धनुकलीवर कापूस पिंजायचा, बाप पिंजायचा, आता मशीन पिंजतं. दुकानात शिरलं की थंडीतल्या धुक्यात शिरल्यासारखं वाटतं. गिऱ्हाईक आधी खोकतं आणि मग भाव विचारतं. कुस्तीचा नाद त्याला लहानपणापासनं. एका मैदानात तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "वस्ताद, एक सूचना द्यायची हाय, माइक द्या की दोन मिनिटं."

दिला. माझ्या आयुष्यात मी काही कमी चुका केलेल्या नाहीत, पण त्या दोन मिनिटांसारखी दुसरी नाही. कुणाचा तरी मोबाइल हरवला होता. त्यानं ती सूचना अशा आवाजात दिली की हरवलेला मोबाइल तर आलाच, दोघांनी स्वतःचेही आणून दिले. तेव्हापासनं यात्रा कमिट्या मला फोन करतात आणि शेवटी विचारतात, "गादीवाल्याचा नंबर हाय का वं तुमच्याकडं?"

पुढं तर हद्द झाली. त्यानं बोललेल्या कुस्त्या फोनवर दिसायला लागल्या. आमच्या घरात भाकरी थापताना मंडळींनी तोच लावलेला.

"आवं, किती गोड बोलतंय ते पोरगं!"

पोरगं! चाळिशी उलटली त्याची.

"भाकरी करपली बघ," मी म्हणालो.

"करपू दे. जरा ऐकू द्या की."

तीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी भाकरी करपल्याचं मला आठवत नाही.

एवढंही मी पोटात घातलं असतं. पण एकदा शेजारी शेजारी बसलो असताना तो सहज म्हणाला, "वस्ताद, मला बी ॲलर्जी हाय. कापसाची, मातीची, समद्याची. जन्मापासनं." आणि असं म्हणणाऱ्याचं नाक मैदानात कोरडं ठणठणीत! मी तीन रुमाल घेऊन जायचो आणि तिन्ही पिळून आणायचो. त्याच्या खिशात एक रुमाल असायचा, त्याची इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नसायची. त्या घडीकडं बघून मला झोप यायची नाही.

अशात आटपाडीकडच्या एका गावाचा फोन आला. तिथलं मैदान वर्षानुवर्षं माझं. शेवटची कुस्ती, म्हणजे पहिल्या नंबरची, सगळ्यांत मोठी जोड, तिथं कायम माझ्याच तोंडानं सुटलेली. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "वस्ताद, अवंदा तुमी आन् गादीवाला, दोघं बी या. अर्दं मैदान तुमी करा, अर्दं त्ये करंल. शेवटच्या कुस्तीचं मैदानातच बघू. गेल्या साली तुमच्या शिंका लय झाल्या बघा."

शेवटची कुस्ती ज्याच्या तोंडी, ते मैदान त्याचं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. ती गेली की उरतं काय? पाण्याच्या टाकीपाशी चपला नीट काढा, एवढ्या सूचना देणं.

दुसऱ्याच दिवशी एक धडधाकट गादी भाड्याच्या टेम्पोत टाकली आणि भरून घ्यायच्या निमित्तानं त्याच्या दुकानात गेलो. मास्क हनुवटीखाली ओढून तो हसत उठला. मी गादीचा भाव विचारला, कापूस विचारला, आणि मग हळूच विचारलं, "गड्या, नाकाला काय करतोस रं तू?"

"काय न्हाई वस्ताद. गोळी घेतो." त्यानं गल्ल्यातनं पाकीट काढून दाखवलं. "रात्री एक."

"एक?"

"एकच."

इथं तुम्हाला तालमीतली एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढं मी जे केलं ते तुम्हाला येडेपणा वाटेल. पैलवान आपला खुराक कधी खरा सांगत नाही. मूठभर बदाम खाणारा "चार खातो" म्हणतो. दोन लिटर दूध पिणारा "कपभर" म्हणतो. नजर लागू नये म्हणून, आणि समोरच्यानं तेवढाच खुराक करून आपल्याशी लढायला यावं म्हणून. मी स्वतः अख्खी उमर असंच सांगत आलो. त्यामुळं तालमीत वाढलेला माणूस ऐकतो एक आणि धरतो चार. गादीवाला "एक" म्हणाला तेव्हा मी मनात म्हणालो, वा रे बहाद्दर! एक म्हणजे तीन तरी. आणि माझा देह त्याच्या दीडपट. माझ्या देहाला एक गोळी म्हणजे रेड्याला एक शेंगदाणा.

मेडिकलमध्ये तशीच पांढरी गोळी मागितली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का? बीपी वगैरे?"

"पैलवानाला कशाचं बीपी!" मी म्हणालो. बीपीची गोळी सकाळीच घेतलेली.

घरात आणखी दोन जाती होत्या. एक जुनी, पिवळी, बारकी. शिंका आल्या की आमच्या घरात सगळ्यांना तीच. आणि एक सर्दीची, टीव्हीत येते तसली. मी विचार केला, जोडीला दोघं पैलवान दिले तर पांढरीचं बळ वाढेल. मैदानाच्या सकाळी चहाबरोबर दोन पांढऱ्या आणि एक पिवळी घेतली. दोघांना न्यायला टेम्पो गादीवाल्याचा, चालवणारही तोच. विटा मागं पडलं आणि नाकात जरा हुळहुळलं, तशी त्याची नजर चुकवून सर्दीचीही एक टाकली.

आणि काय सांगू! मैदानात उतरलो तो राजासारखा. नाक असं कोरडं की आटपाडीकडचा ओढा उन्हाळ्यात लाजावा. माती उडत होती, हळद उडत होती, आणि मी छाती भरून श्वास घेत होतो. पहिल्या डझनभर कुस्त्या मी अशा बोललो की आई-बाप पोरांना खांद्यावर घेऊन मला दाखवत होते. गादीवाला खाली बसून मान डोलवत होता. ते त्याचं मान डोलवणंही मला खुपत होतं. माणसानं थोडं तरी जळावं की नाही?

मग जीभ सुकायला लागली. जीभ कसली, पायताणाचा तळवा. "पैलवान" म्हणायला जावं तर ओठ एकमेकांना चिकटायचे आणि माइकमधनं आधी चटक् असा आवाज यायचा. तांब्याभर पाणी प्यायलो. प्यालेलं पाणी बाहेर जाईना. माझी पाळी संपली, गादीवाल्यानं माइक घेतला, आणि मी मैदानामागच्या बाभळीखाली जाऊन उभा राहिलो. उभाच राहिलो. पलीकडं त्याच्या तोंडून एक कुस्ती सुटली, दुसरी सुटली, गर्दी हसत होती, टाळ्या देत होती, आणि मी बाभळीशी गप्पा मारत होतो. एक म्हातारा येऊन मोकळा होऊन गेला. जाताना म्हणाला, "पाव्हणं, पायलीभर काटं मोजून हुतील तोवर."

परत आलो तर डोळ्यांपुढं धूसर. अध्यक्ष जवळ आले. त्यांना दोन डोकी होती, पण दोन्ही तोंडांनी एकच बोलले, "वस्ताद, आज एकदा बी शिंकला न्हाई! मानलं. शेवटची कुस्ती तुमचीच."

मी गादीवाल्याकडं बघितलं. त्यानं निमूट माइक माझ्या हातात दिला. "घ्या वस्ताद. तुमचाच मान हाय." तोंडावर कुठं एक सुरकुती नाही. त्याच्या जागी मी असतो तर माइकची वायर चावली असती.

शेवटची जोड आली. एक लाल लंगोट, एक निळा. मला दोन्ही जांभळे दिसत होते. सलामी झाली, हलगी वाढली, लाल लंगोटानं पट काढून निळ्याला खाली घेतलं आणि कब्जा धरला. कब्जा असा घट्ट की दोघंही दगडासारखे. हलायला तयार नाहीत. मी म्हणालो, "बघा मंडळी, आता…" आणि एक डोळा मिटला. दुसऱ्यानं त्याची समजूत काढायला हवी होती, तर तोही मिटला.

पुढचं मी नंतर फोनवर बघितलं, म्हणजे मंडळींनी भाकरी थापताना लावलं तेव्हा. खुर्चीत मी बसलेलो, हनुवटी छातीवर, माइक तोंडाशी. अख्खं मैदान गप. कर्ण्यातनं घर्र… घर्र… असा आवाज. लोक एकमेकांकडं बघतायत. तेवढ्यात गादीवाला हलक्या हातानं माझ्या मुठीतनं माइक काढून घेतो, आणि म्हणतो काय:

"ऐकला का मंडळी? पैलवानाचा श्वास! ह्यो ऐकवाया आमचं वस्ताद गप बसल्यात. अशा कब्ज्यात बोलायचं नसतं, ऐकायचं असतं!"

टाळ्या! माझ्या घोरण्याला एवढ्या टाळ्या, आणि त्याही त्याच्या तोंडानं मिळवलेल्या. पुढं निळा सुटला, लपेट बसली, लाल आस्मान बघत पडला, आणि "चितपट" हा शब्द गादीवाल्यानं असा उच्चारला की हलगीवाला रडला. मला जाग आली ती त्या गलबल्यानं. मी सवयीनं उभा राहून ओरडलो, "चितपट!" तेव्हा अध्यक्ष आभार मानत होते.

मैदान उरकलं तरी मला मोकळं होता येईना. टेम्पोत बसताना मी दरवाजा सोडून दुसऱ्याच बाजूनं चढायला लागलो. गादीवाल्यानं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि टेम्पो उंब्रजकडं न घेता सांगलीकडं घातला.

"कुठं रं?"

"विश्रामबागला. माझ्या डॉक्टरीणबाईंकडं. गप बसा आता."

माझी शेवटची कुस्ती घेतलेला माणूस मला दवाखान्यात घेऊन चालला होता, आणि मला धड शिवी देता येत नव्हती, कारण जीभ टाळूला चिकटलेली.

दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. कान-नाक-घशाच्या त्या बाईंनी बीपी बघितलं, पोट दाबलं, डोळ्यांत बॅटरी मारली. "काय काय घेतलंत?"

"एकच गोळी," मी म्हणालो. तोंडातनं आपोआपच गेलं.

"मॅडम, पैलवान हायत," गादीवाला मागनं म्हणाला. "चारानं गुणा."

खिशातली पाकिटं टेबलावर ठेवावी लागली. बाईंनी पांढरं उचललं. "हे सेटिरिझिन. मोठ्या माणसाला दिवसातनं एक. वजन शंभर किलो असलं तरी एक. किडनीचा त्रास असेल तर त्याहून कमी, तेही विचारून." मग पिवळं आणि सर्दीचं गादीवाल्यापुढं सरकवलं. "मागचं बारीक अक्षर वाचा."

"क्लोरफेनिरामिन," गादीवाल्यानं पिवळ्यावरचं वाचलं. मग सर्दीच्या पाकिटावर बोट फिरवत थांबला. "हितं बी त्येच हाय की."

"म्हणजे एकच जुनं औषध दोन वेगळ्या पाकिटांतनं पोटात गेलं, वर दोन पांढऱ्या. ह्या जुन्या जातीनं झोप येते, तोंड सुकतं, नजर धूसर होते. तुमच्या वयाच्या पुरुषाची लघवी अडकते. आणि सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करायचं जे औषध आहे, त्यानं बीपी चढतं. चालू आहे ना बीपीची गोळी?"

मी भिंतीकडं बघितलं.

"गाडी कोणी चालवली?"

"त्यानं," मी म्हणालो. तो एक शब्द म्हणायला मला जेवढं जड गेलं, तेवढं आखाड्यात कधी काही गेलं नव्हतं.

"मग नशीबवान आहात. अशा गोळीवर गाडी नाही, दारू नाही. पांढरीनंही काहींना झोप येते. एकीनं भागलं नाही तर दुसरी घ्यायची नाही, मला विचारायचं."

"मग ह्याला एकीत कसं भागतं?" मी विचारलं. मला तेवढंच हवं होतं.

"कारण ते एकच घेतात. रोज रात्री, मी सांगितली तशी. आणि दुकानात मास्क लावतात."

तो खरं बोलला होता! मी तालमीत वाढलेला माणूस. कुणी खरं बोलेल ही शंकाही मला आली नव्हती. बाईंनी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, तासाभरात मोकळं झालं नाही तर मोठ्या दवाखान्यात नळी घालावी लागेल म्हणाल्या. नळी हा शब्द ऐकल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप सुरळीत झाल्या. मी मुतारीतनं बाहेर आलो तेव्हा गादीवाला बाकावरनं उठून म्हणाला, "चितपट का वस्ताद?" आणि तो हसला. मीही हसलो, पण माझं हसणं कोरडं होतं. ते गोळीमुळं, असं आपण धरू.

तेव्हापासनं रात्री एक. बीपीचं सांगून, विचारून. बाकीची पाकिटं मेडिकलवाल्या बाईंनाच देऊन टाकली. सुरुवातीला आठवडाभर विश्वास बसत नव्हता, पण नाक ऐकायला लागलं. आता मैदानात एक रुमाल नेतो. इस्त्रीचा.

आणि मग उंब्रजचं मैदान आलं. आमचं, घरचं. पुन्हा दोघं. पुन्हा शेवटच्या कुस्तीचं मैदानातच बघू. पहिलं अर्धं त्याच्याकडं. त्यानं माइक हातात घेतला, तोंड उघडलं आणि शिंकला.

मला आधी वाटलं, माझे कान वाजले. पण पुन्हा शिंकला. पुन्हा. डोळे लाल, नाक टोमॅटो. त्यानं माइक झाकून माझ्याकडं वाकून विचारलं, "वस्ताद, तुमच्याजवळ हाय का वं एखादी?"

होती. वरच्या खिशात, हृदयाला लागून.

"रात्रीची घेतलीस?" मी विचारलं.

"व्हय की."

"आन् सकाळपासनं?"

"सर्दी झालीया. दुकानातल्या माणसानं सर्दीची दिली, ती एक."

"टेम्पो कुणी आणला?"

"मीच."

"मग न्हाई मिळणार," मी म्हणालो. माझा आवाज इतका गोड मी स्वतः कधी ऐकला नव्हता. "दोन तर पोटात गेल्यात, गड्या. तिसरी दिली तर बाई मलाच नळी घालतील. आन् घरी जाताना चावी माझ्याकडं दे."

लोक म्हणतात मी जळतो. तुम्हीच सांगा, ह्यात जळण्याचं काय आलं? डोस म्हणजे डोस. मी त्याच्या हातनं माइक घेतला, तो खाली जाऊन बसला, आणि अख्खं मैदान, शेवटच्या कुस्तीसकट, माझ्या तोंडून सुटलं. नाकाचा एक थेंब न सांडता.

शेवटची जोड भिडली होती. मी नुकताच म्हणालो होतो, "मंडळी, आता श्वास ऐका," आणि मैदान गप झालं होतं. तेवढ्यात खालनं गादीवाला शिंकला. बारीक, सुरात, शेवटाला जरा लांबवून.

आणि त्या शिंकेला टाळ्या पडल्या.